पेटी कोणी भरली?

आमचं घर बौद्ध. देव्हारा नाही, अंगारा-धुपारा नाही. भुताखेतांच्या गोष्टी कोणी काढल्या की वडील सरळ उठून बाहेर जायचे. मीही त्यांचाच पोरगा... त्यात माझी नोकरीच संशय घेण्याची! नांदेडला एका एअर कार्गो एजंटकडे मी परदेशी जाणाऱ्या पार्सलची सिक्युरिटीची कागदपत्रं करतो. पेटी बंद करून आणली तरी उघडायची, प्रत्येक वस्तू बघायची, आणि आणणाऱ्याला विचारायचं — पेटी तुम्हीच भरली का? दुसऱ्या कोणी काही टाकलं का? मग सही, टेप आणि वरून सील.

गेल्या हिवाळ्यात हदगावहून मामी आली. तिचा मुलगा, संदीपदादा, जर्मनीत असतो. त्याच्यासाठी खाऊ पाठवायचा होता. मामा नुकतेच वारले होते आणि व्हिसाच्या भानगडीत दादाला येता आलं नव्हतं. त्यात बापलेकाचा अबोला. दादा मामांचं न ऐकता परदेशी गेला, तेव्हापासून त्याचा फोन आला की मामा ओट्यावर जाऊन बसायचे. ते गेल्यावर दादा मला एकच विचारत राहिला, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का रे?"

काय सांगणार? काहीच बोलले नव्हते.

मामी घरची, पण नियम तो नियम. विचारलं, "मामी, पेटी कोणी भरली?"

"आमी दोघांनी."

"दोघांनी म्हणजे?"

"मी अन् तुज्या मामानं. दुसरं कोन हाय घरात?"

माझा पेन तिथंच थांबला. इतक्या वर्षांची सवय, गेलं असेल तोंडातून... असं मनाशी म्हणून मी एकट्या मामीचं नाव लिहिलं. पेटी रिकामी केली. चिवडा, कारळाची चटणी, भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी. पिशवीत हात घालून पाहिलं, तर लाल सालं बोटांना चिकटली. चार दाणे तोंडातही टाकले. मग सगळं पुन्हा भरून मीच टेप लावला, मीच सील केलं.

पेटी पोचली तसा दादाचा व्हिडिओ कॉल आला. सील त्यानं स्वतः फोडलं होतं. बोलायला तोंड उघडायचा आणि रडायला लागायचा. शेवटी त्यानं शेंगदाण्यांची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली. दाणे पांढरेशुभ्र... एकालाही साल नाही.

"लहानपणी सालं घशात अडकायची म्हनून मी दानेच खायचो न्हाई," दादा म्हणाला. "बाबा तळहातावर चोळून, फुंकर मारून द्यायचे. माय म्हनायची, खा तसेच, लई लाड नको."

वाटेत घासून निघाली म्हणावं, तर सालं गेली कुठं? पिशवीच्या तळाशी चिमूटभर कोंडा नव्हता. तपासणीत कोणी पेटी उघडली म्हणावं, तर सील जसंच्या तसं. आणि उघडलीच, तर परका माणूस दाणे कशाला सोलत बसेल? भूत मी आजही मानत नाही.

मामीला फोनवर सांगितलं.

"खाल्ले का त्यानं?"

"न्हाई मामी. डब्यात जपून ठेवलेत म्हणाला."

"त्याला म्हन, खाऊन टाक. ठेवायला सोलले का त्यांनी?"

आणि फोन ठेवायचं विसरून मामी रडत राहिली.