बायकोला वाढवून मिळालेले गुण

मला नर्सिंग कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांनी फसवलं आणि त्यांच्या मॅडमनी त्यावर सही केली.

राजाजीनगरात आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये अल्झायमरच्या जागृतीचं शिबिर होतं. जागृती म्हणजे एकसारखे टी-शर्ट, फुगे आणि ग्रुप फोटो. बायकोने महिन्याभरात तीनदा कुकर पाण्याशिवाय गॅसवर चढवला होता, म्हणून तिला घेऊन गेलो.

कॉलेजची ती दोघं स्मरणशक्तीची चाचणी घेत होती. त्यातला मुलगा कन्नडमध्ये विचारायचा, मी तिला मराठीत सांगायचो. आता कुठला महिना?

"वैशाख," बायको म्हणाली.

बाहेर गणपतीचा मांडव उतरवत होते. मुलाने फुली मारायला पेन टेकवलं. मी बेळगावहून रिकाम्या हातांनी येऊन टाइल्सचं दुकान उभं केलेला माणूस. पहिल्या भावाला मान डोलवणं मला जमत नाही.

"अरे, आमच्यात महिने पंचांगाने धरतात. तुला काय कळतंय त्यातलं? दे गुण."

"सरी, अंकल." म्हणजे ठीक आहे. दिला!

मग घड्याळाचं चित्र. बायकोने काढलं, दोन्ही काटे वर्तुळाबाहेर. "काटे दोनच आहेत ना? मग?" तोही गुण मिळाला. शेजारची मुलगी, शेवटच्या वर्षाची, हसत म्हणाली, "वय झालं की होतंच अंकल. माझी अज्जीपण विसरते."

"अहो, झाले का मी पास?" बायकोने विचारलं.

"फर्स्ट क्लास!"

मॅडमनी कागद न वाचताच सही ठोकली. कागदावर शेरा: सर्व ठीक.

आमचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआरहून फोन करून म्हणायचा, "बाबा, आईला डॉक्टरांकडे न्या." तो कागद पुढे करून मी त्याला वर्षभर गप्प केलं. मग एक दिवस ती रिक्षात बसली आणि तिला घरचा पत्ता सांगता येईना. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच आणलं असतं, तर पुढचं सगळं त्यांना विचारून ठरवता आलं असतं." आता तिला काय विचारू? काल तिने मलाच विचारलं, आमचे दुकानदार घरी कधी येणार?

कॉलेजात गेलो. मॅडम म्हणाल्या, "मुलं शिकत होती हो."

भाव मी केला, मान्य. मला वैशाख कधी असतो ते ठाऊक होतं, हेही मान्य. पण मी घाबरलेला नवरा होतो. नाही म्हणायला तुम्ही बसला होतात. त्या पोरांना रोग शिकवलात की फक्त टी-शर्ट वाटलेत? मॅडम, सही तुमची आहे. माझ्या बायकोसमोर बसा आणि तिचं वर्ष कुठे गेलं ते तिला सांगा.