पाहिल्यासारखा वाटतो

आमच्या गावात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. शाळेच्या फाटकाशी लोकांनी धरलेल्या एका फिरत्या धारवाल्याला गुरुजींनी वाचवलं, अशी ती गोष्ट. एकदा वेल्ह्याच्या बाजारात एका अनोळखी माणसानं ती मलाच रंगवून सांगितली. समोर तेच गुरुजी उभे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. मी ऐकून घेतली आणि एसटीत बसलो.

ती गोष्ट खोटी आहे. खरी गोष्ट लिहायला मला फार वर्षं लागली. आता पंच्याहत्तरी उलटली, आणखी थांबण्यात अर्थ नाही.

धारवाला शिरवळकडचा मुसलमान. भातं पिवळी पडायला लागली की तो आमच्या खोऱ्यात यायचा. सायकल स्टँडवर उभी करून पायडल मारलं की हँडलजवळ बसवलेला दगड पट्ट्यानं फिरायचा आणि विळ्याच्या पात्यावरून ठिणग्या उडायच्या. त्याची बसायची जागा ठरलेली, आमचा ओटा. आमची ही आधीच आळीतल्या घरांमधले विळे, कोयते, विळ्या गोळा करून ठेवायची. दुपारी तो आमच्याकडेच भाकरी खायचा. सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्याची थाळी वेगळी असायची. पुढं केव्हातरी ती वेगळी राहिली नाही. हिनं ते मला विचारून केलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

अशी बारा वर्षं गेली. मी निवृत्त झालो होतो, पण रोज सकाळी शाळेत पेपर वाचायला जायचो. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं. त्या वर्षी नवा मोबाईल आला होता आणि गावाच्या ग्रुपवर सकाळी काहीतरी पाठवल्याशिवाय मला चैन पडत नसे.

त्या दिवशी मला कुणाकडून तरी एक मजकूर आला. पोरं पळवणारी टोळी तालुक्यात शिरली आहे, फेरीवाल्यांच्या वेशात फिरते आहे. सोबत एका दाढीवाल्या माणसाचा अंधूक फोटो. मी तो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सर्वांनी दक्ष राहावे.' खरं-खोटं कुणाला विचारलं नाही. दहा मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडले.

ही त्या दिवशी घरी नव्हती. भाऊ आजारी म्हणून आंबवड्याला माहेरी गेली होती. धारवाला आला, आमच्या दाराला कुलूप बघितलं, आणि मी शाळेत असेन म्हणून सायकल ढकलत शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला. मधली सुट्टी झाली होती. पोरं फाटकाशी खेळत होती.

मी कार्यालयात पेपर वाचत होतो. बाहेरचा आवाज वाढला म्हणून व्हरांड्यात आलो. पंधरा-वीस जण जमले होते. सगळ्यात पुढं माझाच एक जुना विद्यार्थी. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, तेव्हा दुसऱ्याचा चालवायचा.

"काय रं, हितं साळंपाशी काय करतोस?"

"गुरुजींकडं आलोय. दरसाली येतो मी."

"गुरुजी काय दाढी करून घेणार हायत का तुज्याकडनं?" मागनं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"धार लावतो हो मी. इचारा गुरुजींना. गुरुजी वळखत्यात मला."

मग सगळी तोंडं व्हरांड्याकडे वळली. तोही माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला होता, तो मला अजून दिसतो.

"गुरुजी, वळखता का ह्याला?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

तेव्हा माझ्या मनात काय होतं ते लिहितो. सकाळी मीच तो मजकूर टाकला होता. आता हा माझ्या घरी जेवतो असं म्हटलं असतं तर मी मूर्ख ठरलो असतो. शिवाय त्या वर्षात गावातली हवा बदलली होती. कोण कुणाच्या ओट्यावर बसतो, कोण कुणाकडून काय घेतो, हे बोललं जाऊ लागलं होतं. एवढ्या लोकांसमोर तो माझा माणूस आहे असं म्हणायची मला लाज वाटली. नीट बघतोय असं दाखवायला मी चष्मा वर केला आणि म्हणालो,

"पाहिल्यासारखा वाटतो."

मी काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं. पण गुरुजींनी ह्याला आधी कुठंतरी पाहिलंय, म्हणजे हा बरेच दिवस शाळेभोवती घिरट्या घालतोय, असा त्याचा अर्थ झाला. टेम्पोवाल्यानं त्याच्या कानाखाली मारली. कुणीतरी सायकलीला लाथ घातली. ती आडवी पडली आणि दगडाचा पट्टा तुटला. कुणी फोनवर चित्रण करू लागलं. कुणी म्हणालं, वेल्ह्याहून पोलीस यायला तास जाईल, तोवर आपणच विचारून घेऊ. मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा होतो. पायऱ्या तीनच होत्या. मी उतरलो नाही.

इतक्यात वरच्या धनगरवाड्यातली एक बाई गर्दीतून पुढं आली. त्या वाडीची माणसं बाजाराला जाता-येता आमच्या गावातून जातात, पण त्यांच्याशी फार कुणी बोलत नाही. तिच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा होता आणि हातात कोयता. कोयता बघून लोक आपोआप बाजूला झाले. तिनं भारा खाली टाकला, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि कोयता मुठीकडून त्याच्यापुढं धरला.

"धार लाव."

टेम्पोवाला ओरडला, "अगं ए, खुळी का काय तू? कोयता द्याला लागलीस त्याच्या हातात!"

"मग धार काय तुज्या हातात दिऊन लावू? तुला येती व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.  पट्टा तुटलाय, असं धारवाला काहीसं पुटपुटला.

"मग हातानं लाव. मला घाई न्हाई."

त्यानं पिशवीतून सपाट दगड काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि पातं घासू लागला. ती त्याच्यापासून हातभरावर मान खाली घालून बसली होती. त्याच्या हातात कोयता होता आणि तिची मान उघडी होती. वीस माणसं ते बघत होती आणि कुणाला काय करावं सुचेना. घासण्याचा आवाज तेवढा येत होता. मध्येच ती म्हणाली, "टोकाकडं ऱ्हायलंय बग जरा." त्यानं टोक घासलं. तिनं अंगठ्यानं धार बघितली, लुगड्याच्या ओच्यातून पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. "पी."

थोड्या वेळानं गावातलीच एक म्हातारी घरातून विळा घेऊन आली. मग आणखी एक. लोकांना काम आठवलं, पांगायला लागले. पोलीस आले तेव्हा तिथं पाच-सहा बायका आणि विळ्यांचा ढीग होता. तेव्हा मात्र मी पायऱ्या उतरलो. स्वच्छ शब्दांत साहेबांना म्हणालो, "गैरसमज झाला होता, आम्ही मिटवला." साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. तोवर ती बाई भारा उचलून चढाला लागली होती.

पुढं गोष्ट कशी फिरली ते मी बघत होतो. गुरुजी होते म्हणून, गुरुजींनी पोलिसांना सांगितलं म्हणून, असं करत दोन महिन्यांत त्या बाईला गोष्टीत जागाच उरली नाही. शाळेच्या कार्यक्रमात माझ्या प्रसंगावधानाबद्दल शाल आणि नारळ देण्यात आला. ही पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ तिनं वाजवल्या.

धारवाला पुन्हा आला नाही. ही दरवर्षी विचारायची, "ह्या साली बी धारवाले आले न्हाईत?" मी म्हणायचो, "थकला असेल." स्वयंपाकघरातली विळी बोथट झाली, तरी तिनं दुसऱ्या कुणाकडून धार लावून घेतली नाही. येतील कधीतरी, म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या लेखी तिच्या नवऱ्यानं एका गरिबाचा जीव वाचवला होता. दवाखान्यात तिच्याजवळ मी अकरा दिवस बसून होतो. सांगायला वेळ भरपूर होता.

यंदा दिवाळीनंतर मी काठी टेकत धनगरवाड्यावर गेलो. ती बाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं मला ओळखलं, घोंगडी टाकली, ताक दिलं. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. समदी म्हनत व्हती पोरं पळवतोय. माजी नात खाली साळंतच व्हती."

"मग कोयता कसा दिला?"

"त्याचं त्वांड बगितलं म्या. लांडग्याच्या तोंडातनं सोडवलेलं करडू आसंच बगतं." मग तिनं पाल्याची फांदी खाली ठेवली. "आन गुरुजी, तुमी त्येला वळकत व्हता न्हवं? तुमच्या वट्यावर भाकरी खाताना बगितला व्हता म्या. लई येळा."

मी मान डोलावली.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मला कोन इचारतंय?" ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की तो ओळखीचा होता आणि तरी मी गप्प बसलो, एवढाच माझा दोष. उतरताना वाटेत मी दोनदा बसलो. ह्या बाईनं तर त्याला जाता-येता लांबूनच पाहिलेलं. तिनं मजकूरही ऐकला होता, भीतीही माझ्यापेक्षा जास्त होती. तरी तिनं त्याला त्याचं रोजचं काम सांगितलं आणि पाणी दिलं. मला तर पाणीसुद्धा सुचलं नव्हतं.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. मजकूर मी टाकला होता, तो माणूस बारा वर्षं माझ्या घरी जेवत होता, मी ओळख नाकारली, आणि सोडवलं ते वरच्या वाडीतल्या बाईनं, असं सगळं सांगितलं.  मग टेम्पोवाला उठला. आता तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. मायेनं बोलला, हे सांगायला हवं. "गुरुजी, काकी गेल्यापासनं तुमी लई मनाला लावून घ्याला लागलाय. आमी हुतो की तितं. तुमीच सोडवलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पुढचा विषय गटाराचा होता.

मग उरला तो धारवाला. चौकशी करत गेलो तेव्हा तो किकवीला, हायवेच्या कडेला सापडला. दाढी पांढरी झालेली. सायकल गेली, आता बसून चालवायचं यंत्र आहे. मी समोर उभा राहिलो तेव्हा त्यानं हातातली कात्री पुरी केली, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि मग म्हणाला, "बसा गुरुजी."

मी सगळं सांगितलं. ग्रामसभेचंही सांगितलं.

"काय म्हनाले लोक?"

"म्हातारा झालोय म्हणाले."

तो हसला. "मग मी कसा येऊ तिकडं? त्यांच्या हिशेबानं तुमी मला दया करून सोडून दिलेला हाय. सोडून दिलेल्या मान्साला कोन दारात बसवतं?"

 मग त्यानं विचारलं, "वैनी बऱ्या हायत?"

मी सांगितलं. त्यानं यंत्र थांबवलं. बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिला.

"त्येस्नी तरी खरं सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"माजं म्हनाल तर ऱ्हाऊ द्या, गुरुजी. झालं ते झालं. पन वैनीचं मला काय सांगता येत न्हाई."

मी त्याच्याकडून दुसरं काही मागायला गेलोही नव्हतो. निदान तसं मी स्वतःला सांगतो.

आता आठवड्यातून एकदा मी किकवीला जातो आणि त्याच्या शेजारी बसतो. त्यानं कधी ये म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. आमच्या खोऱ्यातली माणसं हायवेनं जाता-येता बघतात. ओळखीचं कुणी थांबलं की मी सांगतो, हे धारवाले, आमच्या घरचे. काही जण नमस्कार करतात. काहींना एकदम घाई होते.

गेल्या आठवड्यात शिरवळला माल टाकून परतणारा तो टेम्पो आमच्यासमोर थांबला. काच खाली झाली.

"गुरुजी, गावाकडंच चाललोय. बसा."

तो माझ्याकडेच बघत होता. माझ्या शेजारी बसलेल्या धारवाल्याकडे त्यानं एकदाही मान वळवली नाही.

मी म्हणालो, "खाली उतर. ह्यांच्याशी बोल, मग बसतो."

इंजिन चालूच होतं. त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले, पुन्हा ठेवले. धारवाला यंत्रावर वाकून कुणाचीतरी सुरी घासत होता, पण यंत्र बंद होतं, हातानं घासत होता. मागनं एका ट्रकनं हॉर्न दिला. टेम्पो थोडा पुढं गेला, कडेला थांबल्यासारखा झाला, आणि मग गेला.



"जायाचं व्हतं की," धारवाला म्हणाला. "पुढची एसटी दीड तासानं हाय."