कोपऱ्यातला देणगीदार

देवळातल्या पंख्यावर देणगीदाराचं नाव दिसलं की ज्यांच्या घशाखाली प्रसाद उतरत नाही असे गृहस्थ जगात एकच, आणि ते माझे सासरे आहेत. पुण्यात त्यांच्या गल्लीतल्या गणपतीच्या देवळाचे ते विश्वस्त. पायरी, घंटा, बाकडं, त्यांनी कशावरही कोणाचं नाव लागू दिलं नाही. एका बिल्डरने तबकडीवर स्वतःचं नाव घालून घड्याळ दिलं, तर यांनी ते तोंड भिंतीकडे करून टांगलं. भक्तांना नुसती टिकटिक ऐकू यायची.

ड्रेस्डेनला ते आमच्याकडे आले ते नातीशी गप्पा मारायला. आमच्या कन्येला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आजोबा रंगात येऊन गोष्ट सांगायचे आणि ही "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून पळायची. ते हसून घ्यायचे, पण त्यांना ते फार लागायचं.

एका रविवारी दोघांना जुन्या चित्रांच्या संग्रहालयात नेलं. येशूच्या आईच्या, मेरीच्या, पहिल्याच चित्रासमोर सासऱ्यांनी बूट काढले. रखवालदार धावत आला. बऱ्याच वाटाघाटींनंतर असं ठरलं की बूट पायात राहतील, पण देवासमोर टाचा बाहेर. पुढच्या चित्रात मेरीच्या पायाशी, कोपऱ्यात, फरचा कोट घातलेला एक सावकार हात जोडून बसला होता. हा कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी पाटी वाचून सांगितलं की चित्राचा खर्च याने केला.

"म्हणजे देणगीदार! अहो जावईबापू, याने तर नावाऐवजी थोबाडच लावलंय."

मग त्यांना उधाणच आलं. दालनादालनातून आजोबा-नात देणगीदार हुडकू लागले. जितका पैसा तितका चित्रातला माणूस मोठा, हे तिला पटकन कळलं. एक ड्यूक तर थेट येशूच्या पंगतीत शिष्य होऊन जेवायला बसलेला. एका सरदाराच्या खांद्यावर संताने हात ठेवला होता. तो कशाला, याचं उत्तर आजोबांनी एका शब्दात दिलं. पुढच्या चित्रात तसाच हात दिसल्यावर कन्या त्यांची बाही ओढून म्हणाली, "आजोबा, वशिला." आपणहून बोललेला तिचा पहिला मराठी शब्द. सासरे बाकावर बसून चष्मा पुसत राहिले. त्यानंतर मात्र दोघांची तोंडं मिटेनात.

ते परत गेले तेव्हा तिने त्यांच्या पिशवीत एक चित्र घातलं. मधे गणपती, आणि शेजारी हात जोडलेले, गणपतीपेक्षा वीतभर मोठे आजोबा. खांद्यावर गणपतीची सोंड. चित्र आता देवळात लागलंय, गाभाऱ्याशेजारी. मी फोनवर त्यांना नियमाची आठवण करून दिली.

"नाव कुठे लिहिलंय त्यावर?" ते म्हणाले.

त्या संग्रहालयात आम्ही अजूनही जातो. मेरीसमोर आलो की कन्या टाचा बाहेर काढते, आणि मग मीही काढतो.