फुकटची पुडी

"हात पुढे कर," डॉक्टर माझ्या बापाला म्हणाला. माइकवरून.

बापानं हात पुढे केले. सकाळपासून दारू पोटात नव्हती, हात लटलट कापत होते. एरंडोलजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या पटांगणात व्यसनमुक्तीचं शिबिर भरलं होतं. "बघा, याला म्हणतात व्यसन. यांच्या वाड्यात घरोघरी हेच." गाव हसला. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं माना खाली घालून बसली.

मी नववीत होते. उभी राहिले. विचारलं, "माझी माय दातांना तंबाखूची मिश्री लावल्याशिवाय कामाला लागत नाही. नाही मिळाली तर डोकं फुटायला येतं तिचं. ते काय?"

डॉक्टरनं शेजारी बसलेल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे पाहिलं. मंडप त्याचा, जेवण त्याचं. मग हसला. "ती सवय, पोरी. व्यसन नव्हे. मिश्रीनं दात घट्ट होतात." आणि दारूची तलफ आली की लाव म्हणून बापाच्या कापऱ्या हातात मिश्रीची पुडी ठेवली. फुकट. बायांनाही वाटल्या. टाळ्या पडल्या.

बापाची दारू सुटली नाही. पुडी मायनं संपवली, मग दुसरी विकत आणली. पुढे तिच्या गालात आतून फोड आला. ठणकला की ती त्यावरच मिश्री दाबायची. मी डबी हिसकावली की म्हणायची, "डाक्टरनी सांगेल शे. औषध शे ते."

मायला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, तर समोर तोच डॉक्टर. तोंडात बॅटरी मारली नि हात धुवायला गेला. तिथूनच म्हणाला, "कॅन्सर. व्यसनी बाई. भोगा आता."

माझं टाळकं सणकलं. सवय होती ना? व्यसन कधी झालं? माल खपवायचा तेव्हा सवय. मरण आमच्या माथी मारायचं तेव्हा व्यसन.

"पुडी तुम्ही दिली होती," मी म्हणाले.

"बाहेर हो."

नाही झाले. वॉर्डबॉयनं दंडाला धरून ओढत काढलं, तोवर मी तेच ओरडत होते. माय ऐकत होती. तिला बोलता येत नव्हतं.

ती गेली. मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आता जळगावात त्या डॉक्टरचा सत्कार आहे, व्यसनमुक्तीच्या कार्याबद्दल. खर्च त्याच व्यापाऱ्याचा. वाड्यातल्या ज्या बायांनी त्या दिवशी पुड्या घेतल्या, त्या माझ्यासोबत येणार आहेत. मायची डबी माझ्याकडे आहे, अर्धी भरलेली. मी स्टेजवर चढणार. माइक ओढून घेणार. सगळ्यांसमोर त्याला म्हणणार, "हात पुढे कर."

आणि डबी त्याच्या हातावर उपडी करणार. "लाव. सवयच आहे ना?"