पिल्लाचे उपास

आमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं आणि महिनाभरात ते चतुर्थी करायला लागलं. म्हणजे करवून मी घेत होते, पण लोकांना सांगताना मी असंच सांगायची. संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि श्रावणातले सोमवार. त्या दिवशी त्याच्या ताटलीत साबुदाण्याची उसळ, नाहीतर भगर. ते शेपूट हलवत चाटूनपुसून खायचं. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत त्याचं केवढं कौतुक! नणंदेने व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर कोणीतरी लिहिलं, मागच्या जन्मीचा पुण्यात्मा दिसतो. तो मेसेज मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तिघींना दाखवला. आता आठवलं की कानशिलं तापतात.

मी आठवीला विज्ञान शिकवते. हाडं, कॅल्शियम, प्रथिनं, सगळं फळ्यावर आकृत्या काढून. हे आधीच सांगून टाकते, कारण लपवायची माझी हौस पुरती फिटली आहे.

लॅब्राडोरचं पिल्लू, वाढीचं वय. लस टोचताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज एक उकडलेलं अंडं द्या आणि ही पावडर द्या. पावडरीच्या डब्यावर बारीक अक्षरात हाडांच्या भुकटीचा उल्लेख होता. माझ्या स्वयंपाकघरात हाडांची भुकटी! डबा वॉशिंग मशीनच्या मागे गेला तो गेलाच. अंड्याचा तर प्रश्नच नव्हता. यजमानांनी एकदा चौकातल्या गाडीवरून अंडं आणून गुपचूप चारलं, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यानंतर ते या भानगडीत पडले नाहीत. पिल्लू वरण-पोळीवर वाढत होतं आणि ‘आमचं अगदी शुद्ध शाकाहारी’ म्हणून मी मिरवत होते.

सहाव्या महिन्यात एका सकाळी ते दिवाणावरून खाली उतरलं. उडी म्हणावी एवढीही ती उडी नव्हती. पण असं केकाटलं की माझ्या हातातलं पातेलं सुटलं. मागचा पाय त्याला टेकवेना.

दवाखान्यात शिशाचे जड एप्रन घालून आम्ही दोघांनी त्याला टेबलावर आडवं धरलं. एक्स-रे लगेच कॉम्प्युटरवर उमटला. डॉक्टर तरुण, इथलेच. त्यांनी पडद्यावरचं चित्र मोठं करून पाहिलं.

“काकू, मांडीचं हाड मोडलं, ते तर दिसूनच राहिलं. पण बाकीची हाडं पाहा. किती फिक्की! मांस कुठं संपते न हाड कुठं सुरू होते, समजत नाही. काय खाऊ घालता याले?”

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर तेल्हाऱ्याहून बकरी घेऊन आलेला एक माणूस बसला होता आणि तोही माझ्या उत्तराची वाट पाहतोय असं मला वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं तपासणारी मी. तोंडून निघून गेलं, “तुम्ही सांगितलं तेच. रोज अंडं, रोज पावडर.”

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पिल्लाचं डोकं थोपटत राहिले.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. “मंग हे असं काऊन?” ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी समजावलं, खाणं नीट असूनही हाडं अशी असतील तर मूत्रपिंडात जन्मापासून दोष असू शकतो. तसं निघालं तर पिल्लू फार दिवसांचा सोबती नाही. रक्त तपासावं लागेल, उद्या सोनोग्राफी करावी लागेल, रात्रीपासून पोटात काही नको. त्यांनी पाय बांधला आणि रक्तासाठी पुढच्या पायात सुई घातली. शीर सापडेना. तीनदा टोचलं. पिल्लू ओरडलं नाही, त्याने फक्त माझ्या कुशीत तोंड खुपसलं.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, “फोन करून सांगून टाक न त्यांना.”

“काय सांगू?”

“जे खरं आहे ते.”

“माझी फजिती झालेली पाहायचीय का तुम्हाला?” मी खेकसले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि मनात आलं, मूत्रपिंडातच काही निघू दे. म्हणजे दोष माझा ठरणार नाही. पिल्लू माझ्यामागेच पडलं होतं, बांधलेला पाय लांब करून, आणि मी त्याच्यासाठी आजार मागत होते. मला माझीच शिसारी आली. तरी मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटावरचे केस भादरले, गार जेली लावली. ते थरथरत होतं. डॉक्टरांनी सावकाश सगळं पाहिलं. “किडन्या झकास आहेत. रक्तातही काही नाही. आता नागपूरले पाठवतो. तिथं भूल देऊन पुढच्या तपासण्या करतील.” ते चिठ्ठी लिहायला बसले.

“डॉक्टर, थांबा. काल मी खोटं बोलले.”

सगळं सांगितलं. मशीनमागचा डबा, उसळ, सोमवार, चतुर्थ्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“काकू, हे काल सांगितलं असतं तर याले एवढं टोचलंच नसतं,” ते म्हणाले. “खाणं सुधारा, हाडं भरून येतील. अजून उशीर नाही झाला.”

मग त्यांनी कपाटातून कुत्र्यांच्या खाण्याचं एक पाकीट काढलं, चिकनचं. ताटलीत ओतून पिल्लासमोर ठेवलं. वास खोलीभर पसरला. रात्रीपासून उपाशी असलेलं ते पिल्लू, तोंडातून लाळ गळत होती, पण ताटलीला तोंड लावेना. मान वर करून माझ्याकडे पाहत राहिलं.

“काऊन खात नाही हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“नैवेद्य दाखवून ही ‘घे’ म्हणेपर्यंत खायचं नाही, असं शिकवलंय त्याला,” यजमान हळू आवाजात म्हणाले.

मला ‘घे’ म्हणायचं होतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. पिल्लू शेपूट हलवत वाट पाहत राहिलं.