मसाजीच्या दारात बरी झालेली गाडी

शिरड शहापूरच्या म्हाताऱ्या बायांना औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं असलं, की त्या आधी विचारतात, "प्रमोदची गाडी हाय का?" नसली तर दर्शन पुढच्या सोमवारावर जातं.

त्याला कारणं आहेत. प्रमोदच्या गाडीत पुढच्या कप्प्यात कायम लिंबं असतात. कुणाला गाडी लागते, कुणाचा गुडघा वाकत नाही, कुणाला खिडकीचा वारा सोसत नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. बाया देवळात गेल्या की लवकर बाहेर येत नाहीत. बाकीचे ड्रायव्हर भोंगा वाजवतात, चिडतात. प्रमोद जाऊन बायांच्या चपलांजवळ बसतो. "चपला हायेत म्हंजे माणसं येतीलच की," म्हणतो.

मी गावच्या शाळेत मास्तर होतो. तो माझ्या वर्गात होता. हुशार नव्हता आणि ढही नव्हता. वर्गात काही मोडलं, सांडलं आणि मी विचारलं, "कुणी केलं हे?" की प्रमोद मान खाली घालायचा. केलेलं दुसऱ्यानंच असायचं. पण ज्याचं चुकलं त्याची लाज यालाच वाटायची. नव्या मास्तरांनी त्यापायी त्याला एकदोनदा उगाच छड्याही दिल्या.

वडील जळबा लोकांच्या हळदीच्या शेतात राबले. प्रमोदनं आधी दुसऱ्यांच्या जीपगाड्या चालवल्या आणि मग ही पांढरी गाडी घेतली. घेतली असं गाव म्हणतं. तो म्हणत नाही. गाडी नांदेडच्या एका कंपनीची, लीजवर घेतलेली. ठरलेली वर्षं हप्ते भरत नीट सांभाळायची, मग ती नावावर होणार. तोवर ती परक्याची. म्हणून तो तिला जपायचाही तसंच, शेजाऱ्याचं लेकरू कडेवर घेतल्यासारखं.

कंपनीच्या अटी पुष्कळ होत्या. त्यातली एक त्याला पाठ होती. अपघात झाला तर गाडीला कुणी हात लावायचा नाही. कंपनी माणूस पाठवील, तो मोडतोड बघील आणि काम कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये होईल. बाहेर काम करून घेतलं तर करार संपला, गाडी परत. ही अट त्याला पाठ होती, घरात दुसऱ्या कुणाला ठाऊकही नव्हती.

हळद काढायच्या दिवसांत तो औंढ्याला प्रवासी सोडून रिकामा परत येत होता. गावाच्या अलीकडं वळणावर मसाजीची वस्ती आहे. मसाजी मेंढरं राखतो. प्रमोदला त्याची मेंढरं ओळखतात म्हटलं तरी चालेल, कारण मेंढरं रस्त्यावर असली की हा भोंगा वाजवत नाही, गाडी बंद करून उभा राहतो. त्या दिवशी मात्र समोरून हळदीनं भरलेला ट्रॅक्टर आला आणि त्याच वेळी एक एडका रस्त्यात उतरला. थांबायला जागा नव्हती. प्रमोदनं चाक फिरवलं आणि गाडी बाभळीवर घातली.

एडक्याला काही झालं नाही. प्रमोदचं गळ्याजवळचं हाड मोडलं, मोबाईल फुटला. ट्रॅक्टरवाल्यानं आणि मसाजीनं त्याला बाहेर काढून हिंगोलीला दवाखान्यात नेलं. मोडक्या गाडीचा फोटो काढावा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाडी लोकांनी ढकलत मसाजीच्या दारात आणून लावली.

दवाखान्यातून प्रमोदनं बायकोच्या, ज्योतीच्या, फोनवरून कंपनीला कळवलं. मधे सुट्या आल्या होत्या. माणूस पुढच्या आठवड्यात येईल असं ठरलं. मग त्यानं वडलांना सांगितलं, "बाबा, गाडी तिथंच राहू द्या. मसाजीमामाला म्हणा, ध्यान ठेवा." हात लावू नका, हे सांगायचं राहिलं. मोडक्या गाडीला कोण कशाला हात लावील, असं त्याला वाटलं असणार.

जळबा वस्तीवर गेला आणि म्हणाला, "मसाजी, पोरगं दवाखान्यात हाय. गाडी तुमच्या दारात हाय. तुमीच बघा आता."

मसाजी म्हणाला, "हे सांगाया आलास का तू?"

इथं मेंढपाळांची रीत सांगायला हवी. दुसऱ्याचं जनावर आपल्या दारात लंगडं झालं, तर ते लंगडंच परत द्यायचं नसतं. पाला बांधायचा, चारा घालायचा, चालतं करायचं आणि मग नेऊन पोचवायचं. लंगडं परत दिलं तर सोयरेसुद्धा त्या दारात पाणी पीत नाहीत. आणि ही गाडी तर मसाजीचा एडका वाचवताना लंगडी झालेली.

मसाजी दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गेला, पण दवाखान्यात नाही. तो गेला रतनसिंगकडं. रतनसिंग त्याचा जुना दोस्त, गाड्यांचा पत्रा ठोकणारा. त्याच्या अंगावर मसाजीच्या घरचंच घोंगडं असतं. रतनसिंग हत्यारं घेऊन वस्तीवर येऊन राहिला. भंगारात मोडलेल्या तशाच दुसऱ्या गाडीचं बोनेट आणलं, बंपर आणला, दिवा, जाळी, डाव्या बाजूचा आरसा, सगळं आणलं. बोनेट रुपेरी होतं. बाकी गाडी पांढरी. मसाजी म्हणाला, "असू दे. कपाळ पांढरं असलेल्या मेंढ्या नसत्यात का? हिचं कपाळ येगळं." मसाजीच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, गाडी धुतली, चाकांना हळदकुंकू लावलं आणि पुढं लिंबू बांधलं.

कंपनीचा माणूस यायच्या दिवशी प्रमोद हात गळ्यात बांधून वस्तीवर गेला. मला म्हणाला होता, "गुर्जी, तुमी नुसते येऊन बसा. मला साहेबलोकांशी बोलाया जमत न्हाई." आम्ही वळणावर आलो. प्रमोद जागच्या जागी उभा राहिला. गाडी उन्हात चमकत होती.

मसाजी पुढं आला. "बघ पोरा," म्हणाला, "चालती केली. काल रतनसिंगनं औंढ्याच्या फाट्यापर्यंत फिरवून आणली."

प्रमोद म्हणाला, "लई चांगली केली, मामा." आणि बोनेटवरून धड असलेला डावा हात फिरवला. मग तो खाटेवर बसला आणि मला हळूच म्हणाला, "गुर्जी, गाडी गेली." करारातली अट त्यानं मला तेव्हा सांगितली. "त्यायला काही म्हणू नका," हेही सांगितलं.

तेवढ्यात नांदेडहून मॅडम आल्या. सुनिता मॅडम. ऊन लागू नये म्हणून तोंडाला ओढणी, हातात मोबाईल. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि इकडंतिकडं बघितलं.

"अपघाताची गाडी कुठाय?"

"हीच, मॅडम," प्रमोद म्हणाला.

"हिला काय झालंय?"

"आता काही न्हाई," मसाजी म्हणाला. "बरी झाली."

मॅडमनी ओढणी सोडली. त्या चिडल्या नाहीत, पण थकल्यासारख्या दिसल्या. जे मोडलं ते बघायला मी आले, ते दिसलंच नाही तर लिहू काय, असं म्हणाल्या. वर बाहेर काम करून घेतलेलं. मग प्रमोदच्या गळ्यातल्या हाताकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"एक मार्ग आहे. तुम्ही दवाखान्यात होता. तुम्हाला न विचारता या लोकांनी गाडीचे भाग काढले, एवढं लिहून द्या. मग तुमच्यावर काही येणार नाही. कंपनी यांच्याकडं बघून घेईल."

प्रमोदनं मान खाली घातली. वर्गात घालायचा तशीच. लिहून द्यायला हरकत नव्हती, शब्द न् शब्द खरा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे मसाजीनंही कबूल केलं असतं.

"इचारलं न्हाई हे खरं हाय, मॅडम," तो म्हणाला. "पण काढले असं कसं लिवू? त्यांनी बसवले."

"मग गाडी न्यावी लागेल."

"न्या."

किल्ली उजव्या खिशात होती आणि उजवा हात बांधलेला. डाव्या हातानं ती काढायला त्याला जरा वेळ लागला. कुणी मदत केली नाही. गाडी गेली तर त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

मसाजीला मात्र अजून उमगत नव्हतं. "काहून नेऊन राहिल्या ह्या? चालती हाय की."

मी म्हणालो, "मसाजी, त्यांना मोडलेलं बघायचं होतं."

"मग दाखवा की मोडलेलं."

"कुठून दाखवणार?"

"कुठून म्हंजे?" मसाजी माझ्याकडं बघत राहिला. "गुर्जी, आमी काही फेकून देतो का? सगळं हाय."

आणि सगळं होतं. आधी तो मॅडमना मेंढरांच्या वाड्याकडं घेऊन गेला. तडकलेला बंपर उलटा मांडलेला आणि त्यात कोकरं सरकीची पेंड खात होती. मॅडम म्हणाल्या, "यांना जरा बाजूला घ्या."

"दोन घास खाऊ द्या, मॅडम. लेकरं हायेत," मसाजी म्हणाला.

मॅडम थांबल्या. कोकरं सावकाश खात होती. शेवटी मॅडमनीच एकाच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते सरकलं. बंपरच्या चिरेत बाभळीची साल अडकलेली होती. मॅडम तो घेऊन बाभळीपाशी गेल्या आणि खोडाला लावून बघितला. खोडावरचा पांढरा रंग आणि बंपरची चीर एकमेकांसमोर आली. त्यांनी तसाच फोटो काढला.

दुमडलेलं बोनेट कोंबड्यांच्या खुराड्यावर होतं. मॅडमनी उचलायला लावलं, तर आत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी त्यांच्यावरच धावली. फुटलेल्या दिव्याची वाटी कडुलिंबाच्या फांदीला चिमण्यांच्या पाण्यासाठी टांगलेली. जाळी मोरीच्या तोंडाला बसवलेली, कोकरांचे पाय अडकू नयेत म्हणून. रतनसिंग एकेक आणून गाडीपुढं मांडत होता, ज्या जागी जे होतं त्या क्रमानं. होता होता जमिनीवर एक मोडकी गाडी तयार झाली आणि तिच्यामागं दुसरी, बरी झालेली.

"डावा आरसा राहिला," मॅडम म्हणाल्या.

रतनसिंग म्हणाला, "मैंने निकाल के यहीं रखा था." मसाजीनं बायकोकडं बघितलं. मीही बघितलं. अनुसयाबाईचं कुंकू त्या दिवशी अगदी भुवयांच्या मधोमध होतं. इतक्या वर्षांत ते कधी तिथं बघितल्याचं मला आठवत नाही.

"काय बघून राहिले सगळे?" ती म्हणाली आणि आत गेली. आली ती पदराखाली आरसा घेऊन. एका कोपऱ्यात तडकलेला होता. मॅडमच्या हातात देताना म्हणाली, "फुटका तर हाय. ह्याच्यावाचून अडलंय का त्या कंपनीचं?"

"अडलंय, मावशी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या प्रमोदची गाडी अडलीय."

मग अनुसयाबाईनं आरसा सोडला.

मॅडमनी निघताना स्पष्ट सांगितलं. काय होईल ते वरचे साहेब ठरवतील. पण मोडलेलं सगळं मी डोळ्यांनी बघितलं, कुणी काही लपवलं नाही, एवढं मी लिहीन. गाडी वर्कशॉपला जाईल आणि हे जुनं सामानही सोबत जाईल. टेम्पो आला आणि घेऊन गेला. कोकरं बंपरच्या जागी येऊन जमीन हुंगत राहिली.

नंतरचे दिवस प्रमोदनं घरी काढले. बाया विचारायच्या, "कधी येती रं गाडी?" तो म्हणायचा, "येईल." मसाजीला कुणीतरी आता नीट समजावलं होतं. तो रोज जळबाच्या ओट्यावर येऊन बसायचा. जळबा शेजारी असायचा. सोजराबाई, प्रमोदची आई, दोघांपुढं चहा ठेवायची. एकदा मसाजी चहा न घेता उठला, तर प्रमोद म्हणाला, "मामा, चहा घेतल्याबिगर गेलात तर मी समजंन तुमी माझ्यावर राग धरला." मसाजी परत बसला.

कंपनीचा फोन आला तो ज्योतीनं घेतला. करार कायम राहिला होता. पुन्हा असं झालं तर ऐकून घेणार नाही, अशी तंबीही होती.

हात मोकळा झाल्यावर प्रमोद नांदेडला जाऊन गाडी घेऊन आला. सगळी पांढरी, कपाळासकट. पण तो सरळ घरी आला नाही. वळणावर थांबला. टपावर रतनसिंगनं बसवलेलं रुपेरी बोनेट बांधलेलं, मागं बंपर, जाळी, दिवा. वर्कशॉपनं ते काढून कोपऱ्यात टाकलं होतं. ते कंपनीचं नव्हतं, म्हणून यानं मागून घेतलं.

बोनेट खुराड्यावर गेलं. बंपर वाड्यात मांडला. आधीचा तडकलेला होता, त्यातून पाणी गळायचं, हा धड होता. शेवटी प्रमोदनं रतनसिंगनं बसवलेला आरसा काढला आणि अनुसयाबाईपुढं धरला.

ती त्यात बराच वेळ बघत राहिली. "ह्यात मी लांब दिसून राहिले रं."

"मामी, गाडीच्या आरशात सगळंच लांब दिसतं."

"बरं हाय," ती म्हणाली. "जवळून बघण्यासारखं आता राहिलंय काय?"

मसाजी हसला, अपघातानंतर पहिल्यांदाच. प्रमोद निघाला, तर तोच एडका रस्त्यात उभा. त्यानं गाडी बंद केली आणि बसून राहिला.