मराठीचा एम मोठा, गणिताचा लहान

वेणू गेल्याचं कळवणारं पोस्टकार्ड कोपरा फाडलेलं होतं. तसं कार्ड आमच्या धामणगाव बढ्यातला पोस्टमन हातात देत नाही, उंबऱ्याशी ठेवतो आणि पाठ फिरवतो. रोहिणखेडहून तिच्या भावानं चारच ओळी लिहिल्या होत्या. संग्रामपूरला ताप आला, तिसऱ्या दिवशी खेळ संपला. आता महिना होत आला... लोक भेटतात, हळहळतात आणि वर म्हणतात, "बाई हुशार होती, पण वाकली नाही." वाकायचं कशासाठी? चूक तिची नव्हती. हे एकदा छापून यावं म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा आम्ही एकाच शाळेत लागलो. मी पुण्याची, यजमानांच्या नोकरीमागं इकडे आलेली, गणित शिकवायची. वेणू इंगळे रोहिणखेडच्या भाजी पिकवणाऱ्या माळ्याची मुलगी. ती इंग्रजी शिकवायची, तेही वऱ्हाडीतून. पहिल्या आठवड्यात मी तिच्या वर्गाबाहेर उभी राहून हसले होते, हेही कबूल करते. आत आठवीच्या एका मुलानं वहीत 'इंग्लिश' मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरानं आणि 'मराठी', 'इंडियन' लहान अक्षरानं सुरू केलं होतं. वेणूनं वही वर धरली. "काऊन बे, इंग्रज तं गेला ना? मंग तो एकटाच मोठा काऊन?" मग तिनं समजावलं. भाषेचं, देशाचं, लोकांचं नाव आलं की पहिलं अक्षर मोठं. मग ते इंग्रज असोत की आपण. इतिहास, भूगोल, गणित हे नुसते विषय, ते लहानच. मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "तुह्यं गणित लहानच राहीन, बाई. राग नको धरू." त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

दोन वर्षांनी तपासणीला साहेब आले. एका मुलीच्या वहीत 'मॅथेमॅटिक्स'चा मोठा एम खोडून वेणूनं तांबड्या शाईनं लहान केलेला त्यांनी पाहिला. खिशातून हिरव्या शाईचं पेन काढून त्यांनी तो पुन्हा मोठा केला. "वेळापत्रकातले सगळे विषय मोठ्या अक्षरानंच लिहायचे," ते म्हणाले. वेणू जागची हलली नाही. "वेळापत्रकात मथळा म्हणून चालते, साहेब. हे वाक्य हाय. इथं तुमची चूक हाय." साहेब हसले. "आधी शुद्ध मराठी बोलायला शिका, मग इंग्रजी शिकवा." ती म्हणाली, "माह्या मराठीतबी मराठीचा एम मोठाच हाय."

मी वर्गाच्या दाराशी उभी होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पुण्याकडच्या ना? तुम्ही सांगा." मला नियम ठाऊक होता. तिनंच मला शिकवला होता. मी म्हणाले, "साहेब म्हणतात तर तसंच असेल."

वेणू तेव्हा कायम झालेली नव्हती. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी माफीचा कागद स्वतःच लिहून आणला. नुसती सही करायची होती. मीही तिला म्हणाले, "अगं, एका अक्षराचा तर प्रश्न आहे." तिनं कागद घडी करून परत दिला. "एकाच अक्षराचा हाय, तं साहेबानं काऊन नाई सोडलं?" उन्हाळ्यानंतर तिची बदली संग्रामपूरकडे झाली, सातपुड्याच्या पायथ्याला. तिच्या मागून लागलेले कायम झाले. ती मात्र आणखी चार वर्षं तात्पुरतीच राहिली. तिथूनही तिची पत्रं यायची, वांग्यांची, पोरींची, पावसाची. त्या दिवसाबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं...

गेल्या आठवड्यात तिच्या भावाबरोबर तिचं सामान आणायला संग्रामपूरला गेले. शाळेत तिच्या जागी नवे सर आले होते. त्यांनी आदरानं मला वर्गात खुर्ची दिली आणि फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं. त्यात 'हिस्टरी'चा एच मोठा होता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, तो एच लहान पायजे."

"बस खाली."

ती बसली नाही. सर ओशाळून माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सिनियर आहात. सांगा हिला."

"ती बरोबर आहे," मी म्हणाले. एवढं म्हणायला मला सहा वर्षं लागली.

मुलीचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. सरांनी डस्टर उचललं, मोठा एच पुसला, लहान काढला... तेव्हा कुठं ती खाली बसली.